जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल बदलायचाय? आधी टेप, मग टेम्पो

जुनी अरुंद ट्रॅकची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर कमी असलेली मारुती जिप्सी असलेल्यांचे फोन साधारण एकाच वाक्याने सुरू होतात : "वाईड ट्रॅकचा पुढचा अ‍ॅक्सल स्वस्तात मिळाला, टेम्पोत टाकलाय. आता अजून काय काय लागेल?" खरं उत्तर असं, की हा प्रश्न टेम्पो ठरवण्याआधी विचारायचा होता. पुढचा अ‍ॅक्सल हा यादीतला शेवटचा निर्णय असतो. आधी टायर, मग आतल्या गिअरच्या दातांचं प्रमाण, मग रुंदी, मग पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) मापं, आणि हे सगळं कागदावर उतरल्यावर अ‍ॅक्सल. क्रम उलटला की आठ-दहा हजार वाचवायला गेलेला माणूस लेथवाल्याकडे त्याच्या तिप्पट ठेवून येतो. मीही ठेवून आलोय.

हा लेख पाट्यांवर बसलेल्या आख्ख्या (डावं-उजवं चाक एकाच नळीवर असलेल्या) पुढच्या अ‍ॅक्सलसाठी आहे. उदाहरण जिप्सीचं घेतलंय, पण मापं घ्यायची रीत पाट्यावरच्या जुन्या महिंद्रा जीपलाही तशीच चालते. २०१० ते २०२० मधल्या थारमध्ये डीआय इंजिनच्या मॉडेलला पुढे पाटे आणि आख्खा अ‍ॅक्सल, तर सीआरडीई इंजिनच्या मॉडेलला स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार. २०२० नंतरच्या थारलाही पुढे स्वतंत्र सस्पेन्शनच आहे. त्या गाड्यांत आख्खा अ‍ॅक्सल घालणं म्हणजे चासीवर नवे ब्रॅकेट, नवं स्टिअरिंग, सगळंच नवं. ते काम या लेखाच्या भरवशावर करू नका.

टप्पा १ : कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. झिजलेला भाग त्याच मॉडेलच्या भागाने बदलणं वेगळं आणि गाडीची रुंदी बदलणं वेगळं. तुमचा बदल कुठे बसतो ते आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. गाडी फक्त खासगी जागेतल्या ट्रॅकवर चालवायची असेल तर ती तिथे ट्रेलरवर न्यायची, हेही खर्चात धरा.

टप्पा २ : टायर ठरवा

टायरचा निर्णय पुढच्या प्रत्येक भागाची किंमत ठरवतो. हिशेब सोपा आहे.

जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर१५, म्हणजे व्यास साधारण ६६८ मिमी. समजा तुम्हाला २३५/७५ आर१५ घालायचाय. रिम ३८१ मिमी, बाजूची उंची २३५ च्या ७५ टक्के म्हणजे १७६ मिमी, ती दोनदा. एकूण ७३३ ते ७३४ मिमी. मूळच्या १.१ पट. गाडीत ४१/११ दातांचं क्राउन-पिनियन (मोठ्या आणि लहान गिअरची जोडी) असेल तर प्रमाण ३.७३. त्याला १.१ ने गुणलं की ४.१० येतं. आणि सुझुकीच्या या कुटुंबात ३७/९ ची जोडी आहेच, जिचं प्रमाण ४.११. म्हणजे या टायरला ही जोडी घातली की इंजिनला गाडी मूळच्याइतकीच हलकी लागते. या गाडीत स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवरून) चालतो, त्यामुळे काटाही जवळजवळ खरं बोलतो.

आता ३१ इंची टायर धरा. ७८७ मिमी, म्हणजे १.१८ पट. लागणारं प्रमाण ४.४०. तिथे ४.११ सुद्धा कमी पडतं, आणि पुढच्या सीव्ही जॉइंटवर (वळलेल्या चाकालाही फिरवणाऱ्या सांध्यावर) येणारा ताण वाढतो तो वेगळाच. ३१ इंची टायर घालून, स्टिअरिंग पूर्ण कापून, दगडात अडकलेल्या चाकाला एक्सलरेटर दिला की जॉइंट फुटतो. म्हणजे ३१ घ्यायचा तर ताकदवान जॉइंटचा खर्च त्याच दिवशी वहीत लिहायचा. मोह झाला म्हणून टायर आधी आणि बाकीचं "बघू नंतर", हे नाकापेक्षा मोती जड होण्याचं लक्षण.

तपासणी : टायरचं माप, त्याचा व्यास आणि लागणारं प्रमाण हे तीन आकडे वहीत आहेत का? नसतील तर पुढे वाचा, पण पैसे काढू नका.

टप्पा ३ : मागचं आणि पुढचं प्रमाण जुळवा

सगळ्यात महाग चूक इथे होते आणि ती कित्येक महिने कळतही नाही. मागे ३.७३ आणि पुढे ४.११ अशी गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये मुकाट चालते. पुढचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) शाफ्टपासून मोकळे असतात, कोण तक्रार करणार? पहिल्या पावसात चढावर फोर-व्हील टाकलं की दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडायला लागतात. फरक १० टक्क्यांचा आहे. चिखलात टायर घसरून तो पचवतात, कोरड्या खडकावर ट्रान्सफर केस आणि जॉइंट पचवतात, एकदाच.

विकणाऱ्याच्या शब्दावर, प्लेटवर, गाडीच्या सालावर विश्वास ठेवू नका. ही वाहनं पंचवीस-तीस वर्षांत कितीदा उघडली गेलीत ते देवाला ठाऊक.

उघडता येत असेल तर दात मोजा. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात. जिप्सीत डिफरन्शियलचा पूर्ण संच पिनियनच्या बाजूने नट काढून बाहेर निघतो. तो काढायचा तर आधी दोन्ही अर्धे शाफ्ट बाहेर ओढावे लागतात, म्हणून विकणारे कुरकुरतात. कुरकुरू द्या.

उघडता येत नसेल तर असं करा :

१. अ‍ॅक्सल घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा आणि दोन्ही हब लॉक करा.
२. पिनियनच्या फ्लँजवर आणि एका हबवर खडूची खूण करा.
३. एका बाजूचा हब मदतनिसाला घट्ट धरायला सांगा.
४. दुसरा हब बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनचे फेरे मोजा.

पिनियन चार फेऱ्यांपेक्षा थोडा पुढे गेला तर ४.११, चारला पाव कमी पडला तर ३.७३.

इशारा : एक हब धरून दुसरा एकच फेरा फिरवला तर आकडा निम्मा येतो, कारण डिफरन्शियल उरलेला अर्धा फेरा गिळतं. "माझं प्रमाण दोनच येतंय" असं म्हणणारे सगळे इथेच चुकलेले असतात.

तपासणी : हीच मोजणी स्वतःच्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवरही करा. आपल्या गाडीत काय आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, असं सगळ्यांनाच वाटत असतं.

टप्पा ४ : पाच मापं

माझी फसगत रुंदीत झाली. विक्रेत्याच्या अंगणात अ‍ॅक्सलला चाकं लावलेली होती. मी टायरच्या बाहेरून टेप धरला, आकडा वाईड ट्रॅकशी जुळला, पैसे दिले. घरी येऊन चाकं काढली तर रिम बाहेर काढलेल्या होत्या आणि अ‍ॅक्सल अरुंदच होता. माझ्या घरी असलेल्याचा जुळा भाऊ.

पहिलं माप रुंदीचं. चाक ज्या पृष्ठभागावर टेकतं, तिथून दुसऱ्या बाजूच्या तशाच पृष्ठभागापर्यंत. टायर नाही, रिम नाही. मारुतीने १९९३ मध्ये वाईड ट्रॅक जिप्सी आणली तेव्हा ट्रॅक ९० मिमीने वाढवून पुढे १३०० आणि मागे १३१० मिमी केला. म्हणजे फरक बाजूला ४५ मिमी. हा आकडा डोळ्याला दिसत नाही, टेपलाच दिसतो. ट्रॅक आणि हे हबचं माप एकच नव्हे. रिम किती आत-बाहेर बसते (ऑफसेट) त्यानेही ट्रॅक बदलतो. म्हणून तुलना नेहमी हबची हबशी.

कंपनीने तेव्हा दोन्ही अ‍ॅक्सल रुंद केले, हे विसरू नका. नुसता पुढचा बदलला तर चिखलात मागची चाकं पुढच्या चाकोरीत नीट बसत नाहीत, म्हणजे इंजिनला जास्त चिखल कापावा लागतो. मागचा अ‍ॅक्सल लगेच घ्यायची ऐपत नसेल तर थांबा. मागे स्पेसर (चाक आणि हबच्या मध्ये घालायची चकती) लावून रुंदी जुळवायचा सल्ला मिळेल. मी तो देणार नाही.

दुसरं माप पाट्यांच्या गाद्यांचं : डाव्या गादीच्या सेंटर बोल्टच्या भोकापासून उजव्या भोकापर्यंत. ते तुमच्या चासीवरच्या पाट्यांशी जुळलंच पाहिजे. दोन-तीन मिमीचा फरक असेल तर गादी तपासा, वाकलेली असू शकते. जास्त असेल तर गाद्या कापून नव्या वेल्ड कराव्या लागतील, आणि हाउसिंग (बाहेरची नळी आणि कवच) वेल्डच्या उष्णतेने वाकतं.

तिसरं, पिनियनची जागा : अ‍ॅक्सलच्या मध्यापासून किती बाजूला, आणि कोणत्या बाजूला. ट्रान्सफर केसमधून पुढे येणारा शाफ्ट ज्या बाजूला आहे, डिफरन्शियलही त्याच बाजूला हवं. दुसऱ्या मॉडेलचा अ‍ॅक्सल बघत असाल तर हे माप सर्वांत आधी घ्या. बाजू उलटी निघाली तर बाकीची चार मापं घ्यायची गरजच नाही, चहा पिऊन घरी या.

चौथं, चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ. जिप्सीचं ५ बोल्ट, १३९.७ मिमी. पाच बोल्टांत समोरासमोर बोल्ट नसतो, म्हणून व्यास थेट मोजता येत नाही. एक बोल्ट सोडून पुढच्या बोल्टापर्यंत, मध्य ते मध्य मोजा, १३२.९ मिमी आलं तर वर्तुळ १३९.७ चं. जुन्या महिंद्रा जीपचंही वर्तुळ हेच. यावरूनच "जीपचा अ‍ॅक्सल जिप्सीला बसतो" ही अफवा जन्मते. बसतं ते चाक, अ‍ॅक्सल नव्हे.

पाचवं, अर्ध्या शाफ्टांची लांबी. डावा आणि उजवा वेगळे असतात, आणि अरुंद ट्रॅकचे वाईड ट्रॅकला चालत नाहीत. हाउसिंग रुंद आणि आत शाफ्ट आखूड, अशी जोडी गळ्यात मारली जाते. स्प्लाइनवर (शाफ्टच्या टोकाच्या दात्यांवर) रंगाची रेघ मारून शाफ्ट आत ढकला आणि बाहेर काढून बघा : स्प्लाइन पूर्ण लांबीत गुंतली होती की फक्त टोकाला?

टप्पा ५ : जुना अ‍ॅक्सल तपासून घेणं

नवा आख्खा अ‍ॅक्सल मिळणं अवघड, म्हणून बहुतेकांची वाट भंगार बाजारातूनच जाते. सोबत टेप, व्हर्नियर, टॉर्च, खडू, दोरी आणि जुनी चड्डी न्या. शेवटची हात पुसायला.

हाउसिंग वाकलंय का ते आधी. दोन्ही हब सरळ ठेवून त्यांवर सारख्या लांबीच्या सरळ पट्ट्या आडव्या बांधा. पट्ट्यांच्या पुढच्या टोकांतलं अंतर मोजा, मागच्या टोकांतलं मोजा. मग पट्ट्या उभ्या करून वर आणि खाली तसंच. टायरॉडची (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याची) जुळणी बिघडलेली असेल तर पुढे-मागे फरक येऊ शकतो, तो दुरुस्त होतो. वर-खालीचा कोन दोन्ही बाजूंना सारखा नसेल तर नळी वाकलीय. सोडून द्या. "प्रेसवर सरळ करून देतो" म्हणणारे भेटतील, नमस्कार करून पुढे चला.

मग नकलच्या (स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या, हब धरणाऱ्या भागाच्या) आतला गोल चेंडूसारखा भाग. स्टिअरिंग एका टोकाला फिरवून उघडा पडलेला पृष्ठभाग बोटाने चाचपा. गंजाचे खड्डे असतील तर नवं सील आठवडाभर टिकेल. नकलमध्ये ग्रीस असायला हवं. तिथून पातळ तेल गळत असेल तर आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं तेल ग्रीस धुऊन नेतंय. सील बदलता येतं, पण तसाच कोरडा फिरलेला जॉइंट धरून चालू नका.

सीव्ही जॉइंट काढून हातात घ्या, धुवा, पूर्ण वाकवून फिरवा. गोळ्यांच्या पिंजऱ्याला केसाएवढी चीर, खोबणीत खाच, फिरवताना अडकल्याचा भास, यातलं काही दिसलं की त्याची किंमत शून्य. बेरिंग बसतात त्या स्टब अ‍ॅक्सलवर निळी-जांभळी झाक असेल तर तो तापलेला आहे. त्याच्या टोकाच्या आट्यांत नट हाताने फिरवून बघा.

तेलाचा नट उघडून थोडं तेल कागदावर घ्या. ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलं होतं. चुंबकाला राखाडी पीठ चिकटलं तर ते चालतं. कपच्या चिकटल्या तर दात तुटलेत.

इशारा : नुसतं हाउसिंग विकत घेऊ नका. एका टोकाच्या हबपासून दुसऱ्या टोकाच्या हबपर्यंत, टायरॉड, ब्रेक, शाफ्टसकट घ्या. सुटे भाग जमवत बसलं की शेवटी एक छोटा वॉशर तुम्हाला दोन शनिवार अडवतो.

टप्पा ६ : नवंच घ्यायचं ते

इथे जुनं चालत नाही : सर्व सील, किंगपिनचे (नकल ज्यांवर वळते त्या खुंट्यांचे) बेरिंग, चाकाचे बेरिंग, लॉक वॉशर, पॅकिंग, पिनियनचा नट आणि चेपणारा स्पेसर, ब्रेकच्या रबरी नळ्या, टायरॉडची टोकं, पाट्यांचे सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळला की ताणला जातो, दुसऱ्यांदा तो पकड धरत नाही. त्याची जाडी आणि हाउसिंगच्या नळीचा व्यास मोजूनच घ्या.

टायरॉडवर वेगळं बोलायला हवं. रुंद अ‍ॅक्सलला टायरॉड लांब लागतो, आणि जुना कापून मध्ये पाइपचा तुकडा वेल्ड करून देणारे गल्लोगल्ली आहेत. हे करू नका. हा दांडा तुटला तर दोन चाकं दोन दिशांना जातात, आणि घाटात तुमच्या हाती फक्त गोल फिरणारं स्टिअरिंग उरतं. त्याच अ‍ॅक्सलचा मूळ दांडा घ्या.

टप्पा ७ : कोरडी जुळणी

रंग, ग्रीस, तेल काहीही नको. अ‍ॅक्सल नुसता पाट्यांवर ठेवा, यू-बोल्ट हाताने आवळा, आणि चार गोष्टी बघा.

कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन. गाडी उंच करायला पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कड्या) लावले असतील तर जिप्सीत पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर कमी होतो. परिणाम : वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि हायवेला गाडी भटकते. उपाय म्हणून पाचर घालून अ‍ॅक्सल मागे कलवला तर पिनियनचं तोंड खाली जातं आणि शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. किंगपिनचा आणि पिनियनचा कोन एकाच हाउसिंगवर पक्के असल्याने एक सुधारलं की दुसरं बिघडतं. एक-दोन अंशांचा प्रश्न असेल तर स्टीलची पाचर चालते. अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नका, ती चेपते. त्यापेक्षा जास्त कोन हवा असेल तर शॅकल परत आखूड करा. उंचीचा मोह थोडा आवरा.

प्रॉपेलर शाफ्ट. अ‍ॅक्सल पूर्ण लटकवून आणि पूर्ण वर दाबून, दोन्ही वेळा सरकत्या स्प्लाइनवर खूण करा. वर दाबल्यावर शाफ्ट तळाला टेकता कामा नये, लटकल्यावर स्प्लाइन बाहेर येता कामा नये.

ब्रेकची नळी. पूर्ण लटकलेल्या अ‍ॅक्सलवर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. नळी ताणली गेली तर लांब घ्या, ओढून बसवू नका.

टायर. एक बाजू वर उचलून आणि स्टिअरिंग टोकाला नेऊन टायर पाट्याला, मडगार्डला कुठे घासतो ते बघा. स्टिअरिंगचा स्टॉप बोल्ट इथेच लावा. तो फिरवून थोडा लांब केला की वळण आधी थांबतं आणि सीव्ही जॉइंटचंही आयुष्य वाढतं.

जुन्या अ‍ॅक्सलवर ड्रम आणि नव्यावर डिस्क असतील तर मास्टर सिलिंडरही तपासा. ड्रमसाठी ओळीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व असतो. तो डिस्कच्या ओळीत राहिला तर पॅड घासत राहतात आणि हब तापतो.

टप्पा ८ : पक्की बसवणी

१. गाडी चासीखाली घोड्यांवर. जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली झोपायचं नाही.
२. किंगपिन वरचा-खालचा, डावा-उजवा, आणि त्यांच्याखालच्या शिम (पातळ चकत्या) यांना चिठ्ठ्या लावा. शिम अदलाबदल झाल्या तर नकल एकतर जड फिरते नाहीतर खडखडते. ताण मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर, स्प्रिंगकाट्याने.
३. यू-बोल्ट तिरपे क्रमाने थोडे थोडे. पाट्यांच्या बुशचे बोल्ट मात्र गाडी जमिनीवर उतरवून, वजन आल्यावरच पूर्ण आवळा. हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि महिन्यात फाटतं.
४. ब्रीदरला (हवा आत-बाहेर जायच्या भोकाला) नळी जोडून इंजिनच्या खोलीत उंच न्या. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि तो सीलमधून पाणी ओढतो. सह्याद्रीत जुलैमध्ये गाडी काढणार असाल तर वीस रुपयांची ही नळी सर्वांत आधी.
५. हायपॉइड गिअरचं, जीएल-५ दर्जाचं तेल, भोकापर्यंत. नंतर ब्रेकमधली हवा काढा आणि टो (पुढच्या चाकांची आत-बाहेर दिशा) जुळवा.

तपासणी : चारही चाकं हवेत, हब लॉक, फोर-व्हीलमध्ये पहिला गिअर, इंजिन आयडलवर. मदतनीस दूर उभा. स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना टकटक ऐकू येतंय का?

पहिल्या दिवशी वीसेक किलोमीटर सावकाश, मग चारही हबना हात लावून बघा. एकच जास्त तापला असेल तर बेरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक धरतोय. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. ते थोडे सैल पडलेलेच असतात. क्राउन-पिनियन नवं घातलं असेल तर पाचशे किलोमीटरला तेल बदला. ते तेल कागदावर ओतून बघा, आणि त्यात कपची दिसली तर गाडी तिथेच उभी करा.